किडे विणेनात तेव्हा
(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन)



कार्यवाहांनी आम्हाला बोलायला उभे राहा म्हणून सांगितले, तेव्हा आम्ही आधी नाहीच म्हणालो. या व्यासपीठावर साहित्यिक आले, इतिहासाचे अभ्यासक आले, कीर्तनकार आले. आम्ही पडलो राज्य सरकारच्या रेशीम खात्यात गावोगाव फिरणारी माणसे. शिक्षण डिप्लोमापर्यंतचे. त्यावर कार्यवाह म्हणाले, “साहेब, तुम्ही रोज अळ्याच बघता ना? मग अळ्यांचेच सांगा की.” तेव्हा आजचा विषय अळ्यांचा आहे. जेवणे व्हायची असतील त्यांनी मनात किळस धरू नये. आपल्या घरातल्या पैठण्या आणि शालू याच अळ्यांच्या तोंडातून आले आहेत.

सुरुवात एका फोनपासून करतो. काही वर्षांपूर्वी चिकोडीच्या बाजूच्या एका गावातून रेशीम शेतकऱ्याचा फोन आला. “साहेब, किडे म्हातारे झाले, पण विणेनात.”

ज्यांना या धंद्याची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. रेशीम किड्याची अळी अंड्यातून निघाल्यापासून साधारण पंचवीस-सव्वीस दिवस तुतीचा पाला खाते. शेवटच्या टप्प्यात सात-आठ दिवस तर ती रात्रंदिवस खातच असते. किड्यांच्या खोलीत गेले तर पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा आवाज येतो. मग एके दिवशी तिचे खाणे थांबते, अंग पिवळसर, पारदर्शक दिसू लागते, ती डोके वर करून इकडेतिकडे फिरवते. आमच्या भाषेत किडा पिकला. मग त्याला चंद्रिकेवर सोडायचे. चंद्रिका म्हणजे बांबूची गोल गोल पट्ट्यांची चटई. आता प्लॅस्टिकच्याही जाळ्या आल्या आहेत. तिथे तो दोन-तीन दिवसांत कोष विणतो.

या शेतकऱ्याने शंभर अंडीपुंजांची बॅच घेतली होती. म्हणजे चाळीस-पन्नास हजार किडे. साठ-सत्तर किलो कोषांची त्याची अपेक्षा होती. बारावा दिवस उजाडला तरी किडे खातच होते. बोटाएवढे जाड झालेले, टकाटक पाला संपवणारे. घरातली सगळी माणसे पाला तोडून तोडून थकली. बागेतला पाला संपला, तेव्हा दुसऱ्याच्या बागेतला विकत आणला. आम्ही गेलो, बघितले, आणि चुकलो. सुजलेले चकचकीत अंग बघून आम्हाला वाटले, ग्रासरीचा रोग आहे. चुना मारा, आजारी किडे वेगळे काढा, असे सांगून परत आलो. तीन दिवसांनी त्याने पुन्हा फोन केला. किडे मरायला लागले होते. काहींनी चंद्रिकेवर चढून रेशमाचा नुसता पातळ थर सोडला होता, कोष नाही. काही अर्धे अळी आणि अर्धे कोषातले किडे असे विचित्र दिसत होते. ग्रासरीत असे होत नाही, हे आम्हाला माहीत असायला हवे होते.

गावात तोवर कोणी तरी करणी केली अशी चर्चा सुरू झाली होती. संशय होता शेजारच्या शेतावर, म्हणजे सख्ख्या भावावर. बांधावरून दोन वर्षे बोलणे बंद होते.

त्या गोष्टीकडे आपण परत येऊच. पण ती समजण्यासाठी आधी अळी कात का टाकते आणि कोणाच्या हुकमाने टाकते, हे बघावे लागेल.

आपली हाडे आत आहेत, कातडी बाहेर आहे, आणि कातडी आपल्याबरोबर वाढते. किड्याचे उलटे. त्याचे कवच बाहेर, आणि ते वाढत नाही. रेशीम अळीचे वजन पंचवीस दिवसांत जवळजवळ दहा हजार पट होते. एवढे वाढायचे आणि कपडा तर एकच! म्हणून तिला जुना कपडा फाडून नवा घालावा लागतो. अळीच्या आयुष्यात चार वेळा. त्या वेळी ती खाणे बंद करून, डोके वर करून, दिवसभर निश्चल बसते. आमच्या कन्नड शेतकऱ्यांनी या अवस्थेला फार चपखल शब्द दिला आहे: ज्वर. “पहिला ज्वर झाला, दुसऱ्या ज्वराला बसलेत.” खरेच ताप आलेल्या मुलासारखे ते दिसतात. त्या वेळी पाला टाकायचा नाही, हात लावायचा नाही.

ज्वराची वेळ झाली हे अळीला कोण सांगते? पोलंडमधले स्टेफान कोपेच यांनी १९१७ च्या सुमारास एक साधा प्रयोग केला. अळीच्या अंगाला मध्येच दोरा घट्ट बांधला. वेळेआधी बांधला तर दोऱ्याच्या पुढच्या भागाचा कोषातला किडा झाला, मागचा भाग अळीच राहिला. थोडा उशिरा बांधला तर दोन्ही भाग बदलले. म्हणजे डोक्याकडून रक्तात काहीतरी सुटते, आणि ते दोऱ्यापलीकडे पोचले नाही तर काम होत नाही. पुढे १९४० च्या सुमारास जपानमध्ये सोइची फुकुदा यांनी आपल्याच रेशीम अळीवर असेच दोरे बांधून दाखवले, की हुकूम शेवटी छातीतल्या एका ग्रंथीतून निघतो. मेंदू त्या ग्रंथीला सांगतो, आणि ग्रंथी सगळ्या अंगाला सांगते.

ग्रंथीतून निघणारा तो पदार्थ शोधायला जर्मनीतले आडोल्फ बुटेनांट आणि पेटर कार्लसन या दोघांनी पाचशे किलो रेशीम कोषातले किडे गाळले. पाचशे किलो! एवढ्यातून त्यांना १९५४ मध्ये पंचवीस मिलिग्रॅम स्फटिक मिळाले. चिमूटभरही नाही. त्याचे नाव एक्डायसोन. हे बुटेनांट म्हणजे माणसाच्या लैंगिक हार्मोनवर काम करून १९३९ चे नोबेल मिळवलेले गृहस्थ. त्या वेळच्या जर्मन सरकारने त्यांना ते घेऊ दिले नाही, ही वेगळी कथा. पण माणसाच्या हार्मोनचा तज्ज्ञ किड्याच्या हार्मोनकडे वळला यात एक गंमत आहे, ती पुढे कळेल.

दुसरा हार्मोन इंग्लंडमधल्या विगल्सवर्थ यांनी १९३० च्या दशकात रक्त पिणाऱ्या एका ढेकणावर प्रयोग करून दाखवला. डोक्याजवळच्या छोट्या ग्रंथीतून तो निघतो. त्याचे इंग्रजी नाव ज्युव्हेनाईल हार्मोन. आपण बालपणाचा हार्मोन म्हणू. हे दोघे मिळून अळीचे आयुष्य चालवतात. एक्डायसोन म्हणतो, “कात टाक.” बालपणाचा हार्मोन म्हणतो, “टाक, पण मूलच राहा.” दोन्ही असताना कात टाकली तर मोठी अळी होते. शेवटच्या टप्प्यात बालपणाचा हार्मोन रक्तातून नाहीसा होतो, आणि मग एक्डायसोन आला की अळी खाणे सोडते, विणायला लागते, कोषातला किडा होते. बालपण जावे लागते, तेव्हाच विणणे सुरू होते. हे वाक्य लक्षात ठेवा, त्या शेतकऱ्याच्या नुकसानीचे मूळ यातच आहे.

आता आजचा मुख्य मुद्दा. हार्मोन रक्तात मिसळला की तो सगळीकडे जातो. पूर्वी गावात दवंडी पिटत असत, तसे. दवंडी सगळ्यांच्या कानावर पडते, पण ज्याचे काम असेल तोच उठतो. सोसायटीचे कर्ज असलेला कर्जाची दवंडी ऐकून उठतो, बाकीचे जेवत राहतात. शरीरात कोणी उठायचे आणि कोणी उठायचे नाही, हे ठरवणारी जी प्रथिने आहेत त्यांना रिसेप्टर म्हणतात. मराठीत ग्राही. हार्मोन किल्ली आणि रिसेप्टर कुलूप, असे समजा. किल्ली गावभर फिरली तरी कुलूप असेल त्याच दाराला लागणार.

एक्डायसोनचे कुलूप पेशीच्या पोटात, तिच्या केंद्रकात असते. १९६० साली क्लेव्हर आणि कार्लसन यांनी डासासारख्या एका माशीच्या अळीला एक्डायसोन टोचले आणि तिच्या लाळग्रंथीतली मोठाली गुणसूत्रे सूक्ष्मदर्शकाखाली बघितली. तासाभरात गुणसूत्रावर ठरावीक जागी फुगवटे आले. म्हणजे हार्मोन थेट जनुकांना जागे करत होता. तो कोणाच्या हातून करतो, हे कळायला आणखी तीस वर्षे लागली. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या डेव्हिड हॉगनेस यांच्या प्रयोगशाळेत पिकलेल्या केळ्यावर घोंघावणाऱ्या चिलटातून हा रिसेप्टर सापडला. पुढच्या दोन वर्षांत कळले की तो एकटा काम करत नाही. त्याला दुसऱ्या एका प्रथिनाची जोडी लागते. एका बैलाने नांगर चालत नाही, तसे.

आणि हा रिसेप्टर ज्या कुळातला निघाला ते कूळ आपल्या सगळ्यांच्या अंगात आहे. स्त्रियांच्या इस्ट्रोजेनचे कुलूप, कॉर्टिसोनचे कुलूप, थायरॉईडचे कुलूप, ही सगळी एकाच घराण्यातली भावंडे. आज इथे बसलेल्या किती जणी सकाळी उपाशीपोटी थायरॉईडची गोळी घेतात? हात वर करू नका, आमच्या घरातही आहे. त्याच थायरॉईड हार्मोनने बेडकाच्या पिल्लाची शेपूट गळते आणि पाय फुटतात. माणसाच्या हार्मोनचा तज्ज्ञ किड्यांकडे वळला म्हणालो होतो ना, ती गंमत ही. तो शेजारच्याच वाड्यात गेला होता.

दवंडी एकच असली तरी प्रत्येक घराने आपापले काम करायचे असते. एक्डायसोनची लाट आली की कोषातल्या किड्याच्या पंखांचे भाग वाढायला लागतात, आणि त्याच किड्याची रेशीम ग्रंथी, जिने नुकताच किलोमीटरभर धागा काढला, ती मरून विरघळते. एकच हार्मोन, एकाला म्हणतो वाढ, दुसऱ्याला म्हणतो मर. फरक हार्मोनमध्ये नाही. त्या त्या पेशीतल्या कुलपाच्या प्रकारात आहे, आणि कुलपामागे कोणते दार आहे यात आहे.

बालपणाच्या हार्मोनचे कुलूप मात्र फार उशिरा सापडले. १९८६ मध्ये अमेरिकेत विल्सन यांना अशी चिलटे मिळाली, की ज्यांच्यावर मेथोप्रीन नावाच्या औषधाचा परिणामच होत नव्हता. मेथोप्रीन म्हणजे बालपणाच्या हार्मोनची कारखान्यात केलेली नक्कल. त्या जनुकाला नाव पडले मेट. २००७ मध्ये चेकमधल्या शास्त्रज्ञांनी पिठातल्या तांबड्या किड्यांत, बायकांना चाळणीत सापडतात त्याच किड्यांत, हे जनुक बंद केले. तर त्यांच्या लहान अळ्या वय नसताना कोषात जायला लागल्या. बालपण संपायची दवंडी नको होती, कारण बालपणाची दवंडी ऐकू येणारे कानच काढून घेतले होते. त्यानंतर चार-पाच वर्षांत मेट हेच कुलूप हे पक्के झाले.

आता एक गोष्ट आम्हाला फार आवडते. १९६५ च्या सुमारास चेकोस्लोव्हाकियाचे कारेल स्लामा अमेरिकेत हार्वर्डला कॅरोल विल्यम्स यांच्याकडे गेले. बरोबर आपले ढेकूण नेले. कापसावर येणाऱ्या आपल्या तांबड्या ढेकणाचे भाऊबंद. प्रागमध्ये ते व्यवस्थित वयात येत होते. अमेरिकेत मात्र येईनात. मोठाल्या अळ्या होत, पण पंख फुटत नसत, पुढे जातच नसत. शोध शोध शोधले. शेवटी कारण निघाले, भांड्यात खाली अंथरलेला कागदी रुमाल! तिकडचा कागद बाल्सम फर नावाच्या झाडाच्या लगद्यापासून होतो, आणि त्या झाडात बालपणाच्या हार्मोनची नक्कल असते. त्यांनी मग वर्तमानपत्रांचे तुकडे अंथरून बघितले. अमेरिकन वर्तमानपत्रांवर ढेकूण म्हातारे होईनात, लंडनच्या वर्तमानपत्रावर व्यवस्थित वाढले. कोणते वर्तमानपत्र वाचले तर माणूस मूलच राहतो, हा प्रश्न इथे विचारायचा मोह आम्ही आवरतो.

पण या गमतीतून पुढे धंदा सुरू झाला. गर्भनिरोधक गोळीच्या शोधात ज्यांचा वाटा होता ते रसायनशास्त्रज्ञ कार्ल जेरासी यांनी १९६८ मध्ये एक कंपनी काढली आणि मेथोप्रीन बाजारात आणले. अमेरिकेत ते साठवलेल्या तंबाखूतल्या भुंगेऱ्यासाठीही वापरले गेले. निपाणीच्या मंडळींना हा भुंगेरा सांगायला नको. वखारीत पोती फोडली की जो बारीक तपकिरी किडा उडतो, तो तोच. आणि बाहेर तंबाखूच्या तरव्यावर पाने चाळणारी अळी येते, ती वेगळी.

मेथोप्रीनच्या मागोमाग आली फेनॉक्सिकार्ब, पायरीप्रॉक्सिफेन ही औषधे. ती किड्याला विष देऊन मारत नाहीत. त्याचे वयच अडकवून ठेवतात. माणसाच्या अंगात हे कुलूप नाही, म्हणून माणसाला धोका कमी. जागतिक आरोग्य संघटनेने पायरीप्रॉक्सिफेन डासांच्या अळ्यांसाठी पिण्याच्या पाण्याच्या टाकीतसुद्धा, अगदी अल्प प्रमाणात, वापरायला मान्यता दिली आहे. दुकानदार सांगतात ते खोटे नाही, हे औषध सौम्य आहे. प्रश्न एवढाच की कोणाला सौम्य?

उत्तर इटलीतल्या रेशीम शेतकऱ्यांना याचे उत्तर महागात मिळाले. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून तिथले रेशीम किडे वर्षामागून वर्षे विणेनासे झाले. खात राहायचे, वाढायचे, कोष नाही. शेजारच्या फळबागांवर फेनॉक्सिकार्ब फवारले जात होते. वाऱ्याने तुतीवर अगदी थोडे, हुंगून कळणार नाही इतके, पोचायचे. त्यातून तिथला आधीच खालावलेला रेशीम धंदा आणखी खालावला.

आता आपल्या चिकोडीकडच्या शेतकऱ्याकडे या.

दुसऱ्या खेपेला आम्ही किड्यांच्या खोलीत न जाता आधी शेतात गेलो. तुतीच्या पूर्वेला भावाची वांगी होती. बांधाला लागून एक रिकामी बाटली पडलेली. नाव इंग्रजीत आणि हिंदीत, बारीक अक्षरांत. कन्नड किंवा मराठी वाचणाऱ्या शेतकऱ्याला त्यातून काय कळणार? घटक द्रव्य, पायरीप्रॉक्सिफेन. आम्ही भावाला भेटलो. पांढऱ्या माशीसाठी मारले म्हणाला. कधी? दिवस मोजले तर किडे शेवटच्या टप्प्यात शिरले त्याच्या आदल्या-दुसऱ्या दिवशी. वारा कुठला होता? खालचा. म्हणजे थेट तुतीकडे.

त्याच सुमारास अळीच्या रक्तातून बालपणाचा हार्मोन जायचा होता. तो गेलाही असेल. पण पाल्याबरोबर त्याची नक्कल पोटात जातच राहिली, आणि मेट नावाच्या कुलपाला खरी किल्ली कोणती, खोटी कोणती, हे कळत नाही. कुलूप म्हणत राहिले, “अजून मूल आहेस, खा.” अळी खात राहिली. रोग नव्हता, करणी नव्हती, चुन्याने बरे होणारे तर काहीच नव्हते. आणि आमच्या पहिल्या सल्ल्यामुळे तीन दिवसांचा पाला आणि मजुरी जास्तीची गेली. ते त्या शेतकऱ्याने आम्हाला कधी तोंडावर म्हटले नाही. भावाने मात्र त्याच संध्याकाळी बांधावर उभे राहून विचारले, “तायवर पडेल हे बाटलीवर का लिहीत नाहीत?” ताय म्हणजे किडे, त्या गावात किड्यांना आईच म्हणतात. पहिला प्रश्न त्याने शत्रूच्या किड्यांबद्दल विचारला, हे आम्हाला आठवते.

त्याच रेशमात उलटा उपयोगही आहे, तो सांगायलाच हवा, नाहीतर आपल्याला वाटेल हार्मोन म्हणजे नुकसानच. सगळे किडे एका दिवशी पिकत नाहीत. काही आज, काही परवा. मजुरी वाढते, चंद्रिका अडकून राहतात. म्हणून म्हैसूरच्या केंद्रीय रेशीम संशोधन व प्रशिक्षण संस्थेने ‘संपूर्णा’ नावाचे औषध तयार केले. ते म्हणजे वनस्पतीतून काढलेले एक्डायसोनच्या जातीचे द्रव्य. थोडे किडे पिकायला लागले की पाल्यावर शिंपडून खायला घालायचे. उरलेल्यांना एकदम हुकूम जातो आणि सगळे बरोबर चंद्रिकेवर चढतात. मात्र वेळ चुकवून आधी दिले तर कच्चे किडे विणायला बसतात आणि कोष हलके होतात. औषध तेच. कुलूप तेच. तारीख चुकली की नुकसान.

वनस्पतीत किड्याचा हार्मोन कसा, असे कोणी विचारेल. १९६६ मध्ये जपानच्या नाकानिशी यांनी एका झाडाच्या पानांतून काढून दाखवला, आणि मग तो किती झाडांत सापडला! पालकात आहे. आणि उद्या-परवा गौरी येतील तेव्हा आपण ज्याच्या जुड्या बांधणार, गणपतीच्या पत्रीतही जो असतो, त्या आघाड्यातही आहे. आघाडा खाल्ल्याने आपण कात टाकत नाही, कारण आपल्याकडे ते कुलूप नाही. झाडाने तो बहुधा किड्यांसाठीच ठेवला असावा. कडुनिंबाची तऱ्हा थोडी वेगळी. त्यातले अझाडिरॅक्टिन कुलपाला हात लावत नाही. मेंदूकडून ग्रंथीला जाणारा निरोपच अडवते. अळीला ज्वर येतच नाही, किंवा अर्धवट येऊन ती जुन्या कातीत अडकून मरते. पाच टक्के निंबोळी अर्क मारणाऱ्या शेतकऱ्याला हे शास्त्र ठाऊक नसेल, पण अळी लगेच मरत नाही, तीन-चार दिवस लागतात, हे त्याने बघितलेले असते. “औषध लागत नाही” म्हणून दुसऱ्या दिवशी वर आणखी काहीतरी मारणारे मात्र फार.

आता ज्यांच्या शेतात तुती नाही, ऊस आहे, अशी मंडळी इथे जास्त. त्यांच्यासाठी हुमणी. खानापूर, हुक्केरी, चिकोडी, पलीकडे कागल, गडहिंग्लज, कुठे नाही? वळवाचा पहिला पाऊस झाला की संध्याकाळी जमिनीतून भुंगेरे निघतात, कडुनिंबावर आणि बाभळीवर गोळा होतात, मिलन होते, आणि माद्या जमिनीत अंडी घालतात. मग अळी, तीही कात टाकत वाढते, ऊस मुळातून खाते. शेतकऱ्यांचा आम्हाला नेहमीचा प्रश्न: मका-सोयाबीनच्या अळीवर कात बिघडवणारे जे औषध मारले, त्याने खाणे लगेच बंद झाले, मग तेच ड्रेंचिंगने हुमणीला दिले तर काहीच का होत नाही? दुकानदाराने भेसळ केली का?

भेसळ नाही, कुलूप वेगळे. ही औषधे मेथॉक्सिफेनोझाईडच्या घराण्यातली. एक्डायसोनसारखी ती दिसत नाहीत, पण त्याच्या कुलपात बसतात. पतंगाच्या जातीच्या अळ्यांत फार घट्ट बसतात. खरा एक्डायसोन काम झाल्यावर निघून जातो, आणि तो गेला तरच अळी जुनी कात फेकते. हे औषध निघतच नाही. किल्ली कुलपात तुटल्यासारखे होते. नवे कातडे आत तयार, जुने बाहेर तसेच, डोक्यावर दोन टोप्या, तोंड उघडेना. २००३ मध्ये फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गच्या शास्त्रज्ञांनी या रिसेप्टरचा क्ष-किरणांनी नकाशा काढला. त्यासाठी घेतलेली अळी अमेरिकेतल्या तंबाखूची होती, तेव्हा निपाणीकरांनी थोडी आपुलकी वाटून घ्यावी! त्यात दिसले की हार्मोन आणि औषध बसायची जागा सारखी नाही. कुलूप किल्लीप्रमाणे आपला आकार थोडा बदलते, आणि पतंगाच्या कुलपात या औषधाला जी खोबण मिळते ती भुंगेऱ्याच्या कुलपात तशी मिळत नाही. परदेशात याच घराण्यातले वेगळे औषध हिरवळीतल्या हुमणीसाठी वापरले गेले. म्हणजे कुळ एक, पण प्रत्येक किल्लीचे दात वेगळे. तेव्हा हुमणीसाठी आमचा सल्ला जुनाच आहे. वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी सगळ्या गावाने मिळून झाडे हलवा, भुंगेरे गोळा करा. माद्यांनी अंडी घालण्याआधी. त्याला कुलूप-किल्ली काही लागत नाही.

अंड्यांचा विषय निघाला म्हणून शेवटी डास. या दिवसांत प्रत्येक गल्लीत डेंग्यूचा रुग्ण असतो, म्हणून हे ऐका. किडा मोठा झाला की त्याला कात टाकायची नसते. मग हे दोन हार्मोन काय करतात? अंडी. बहुतेक किड्यांत बालपणाचा हार्मोन मोठेपणी अंड्यातल्या बलकाचे प्रथिन तयार करायला सांगतो. नाव बालपणाचा, काम आईपणाचे! डेंग्यूच्या डासाच्या मादीत तो आधी तिची तयारी करून ठेवतो. मग ती आपल्याला चावते. पोटात रक्त गेले की तिच्या अंडाशयातून एक्डायसोन सुटतो, तोच, अळीला कात टाकायला लावणारा, आणि तिच्या चरबीच्या पेशींतले तेच जोडीचे कुलूप आता कातीचे नाही तर बलकाचे दार उघडते. तीन दिवसांत शंभरएक अंडी. आणि ती कुठे? आपल्या फ्रीजमागच्या ट्रेमध्ये, कुंडीखालच्या बशीत, पाणी नियमित येत नाही म्हणून भरून ठेवलेल्या पिंपात. रेशीम किड्यात मात्र असे नाही. त्याची अंडी कोषातच तयार होतात, पतंगाला तोंड असून नसल्यासारखे, तो काही खात नाही.

त्या दोन भावांचे पुढे काय झाले, असे मघाशी एक आजी कानात विचारून गेल्या. बोलणे सुरू झाले. बांधाचा वाद अजून आहे, तो काही आमच्या खात्याचा नाही. पण बॅच आणायच्या आधी मोठा धाकट्याला तारीख सांगतो, आणि शेवटच्या टप्प्याच्या दहा दिवसांत वांग्यावर काय मारायचे ते विचारून मारतात. तुतीच्या पूर्वेच्या चार ओळींचा पाला मोठ्या किड्यांना घालत नाहीत, तो शेळ्यांना जातो. पुढच्या बॅचला किडे सातव्या दिवशी पिकले. आम्ही मुद्दाम बघायला गेलो होतो.

इथे टेबलावर काचेची बरणी ठेवली आहे. आत त्याच गावचे पाच कोष आहेत, आणि आज सकाळी त्यातल्या एकातून मादी बाहेर आली. आता कागदावर अंडी घालते आहे, चार-पाचशे घालेल. मुलांनी जरूर बघावे. हात लावू नका, आणि आरतीच्या वेळी डासांची अगरबत्ती मात्र या टेबलापासून लांब लावा.